विमानतळाच्या परिसर निधी समितीस खुले पत्र: शिल्लक राहिलेला निधी वस्त्यांकडेच परत यावा

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
विमानतळ परिसर निधी समिती, यांस

सविनय नमस्कार.

विमानतळालगतच्या वस्त्यांमधील पर्यावरणविषयक कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीचा मोठा भाग गेल्या फेरीत खर्च झाला नाही, पुरेसे पात्र अर्ज आले नाहीत, आणि म्हणून ही शिल्लक टर्मिनलकडे येणाऱ्या मुख्य रस्त्याच्या सुशोभीकरणासाठी वळवावी, असा ठराव आपण नुकताच मंजूर केला. त्या ठरावात एक वाक्य असे आहे की वस्त्यांकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. हे पत्र त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहीत आहे. ते समितीच्या दप्तरात नुसते आवक क्रमांक लागून पडू नये आणि ज्यांच्या नावाने हा निधी उभा राहिला त्यांनाही वाचता यावे, म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे.

माझा या प्रश्नाशी संबंध सरळ आहे. विमाने उतरण्याच्या मार्गाखाली ज्या इमारती आहेत त्यांपैकी एकीत मी राहतो. आमच्या गल्लीतल्या काही शेजाऱ्यांनी मिळून शाळेच्या कुंपणालगतची मोकळी पट्टी आणि तिच्या मागून वाहणाऱ्या ओढ्याचा काठ सांभाळायला घेतला आहे. कचरा काढणे, रोपे लावणे, आळी करणे, उन्हाळ्यात पाणी घालणे, एवढेच आमचे काम. आमच्या गटाला नोंदणी क्रमांक नाही, कार्यालय नाही, पगारी माणूस नाही. गेल्या फेरीत आम्ही अर्ज केला आणि तो छाननीच्या पहिल्याच टप्प्यावर बाद झाला. आमच्या कामाची गुणवत्ता कोणी तपासली असती आणि मग नकार दिला असता, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. काम पाहण्यापर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही.

आमच्या वस्त्या कशा घडल्या, हे आपल्याला ठाऊक असेल, तरीही ते येथे नोंदवणे आवश्यक वाटते. ज्या जागेवर दिवसरात्र विमाने जातात तेथे घरभाडे कमी असते, आणि जेथे भाडे कमी तेथे नव्याने आलेली माणसे प्रथम बिऱ्हाड करतात. शिवाय विमानतळ स्वतःच मोठा रोजगारदाता आहे: सामान चढवणारे, विमानाची सफाई करणारे, स्वयंपाकघरात राबणारे, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, अशा कितीतरी लोकांना कामाजवळ राहावे लागते. त्यामुळे एकाच जिन्यात चार भाषा बोलल्या जातात, आणि बहुतेक कुटुंबे भाड्याने राहतात. या वैविध्याचे कौतुक आपल्या वार्षिक अहवालात छायाचित्रांसह होते. निधीचे नियम करताना मात्र अर्जदार म्हणून डोळ्यांसमोर एकच प्रकारची संस्था ठेवली गेली आहे: जुनी, नोंदणीकृत, कर्मचारी असलेली आणि कार्यालयीन भाषेत सफाईने लिहू शकणारी.

या वस्त्यांनी सोसलेला भार हा कोणाच्या कल्पनेचा भाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने 2018 मध्ये विमानांच्या आवाजाबाबत केलेल्या शिफारशींत दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेली सरासरी पातळी 45 डेसिबलपेक्षा खाली आणि रात्रीची पातळी 40 डेसिबलपेक्षा खाली ठेवावी, असे म्हटले आहे. दुसरीकडे अमेरिकेत घरांना ध्वनिरोधक खिडक्या बसवून देण्यासाठी जी सरासरी पातळी प्रमाण मानली जाते ती 65 डेसिबल आहे. मोजण्याच्या पद्धतींत थोडा फरक आहे हे मान्य करूनही 45 आणि 65 या दोन आकड्यांमध्ये राहणारी माणसे किती असतील याचा विचार करावा: आरोग्याच्या दृष्टीने त्यांना त्रास होतो, पण नुकसानभरपाईच्या दृष्टीने ती यादीतच नसतात.

मुलांच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे. म्युनिकचा जुना विमानतळ 1992 मध्ये बंद होऊन नवा दुसऱ्या ठिकाणी सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण आवाज थांबल्यावर सुधारले, आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे खालावले. पुढे 2005 मध्ये लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद येथील विमानतळांभोवतीच्या नऊ-दहा वर्षांच्या 2,800 हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील मुलांच्या बाबतीत आवाजातील 5 डेसिबलची वाढ वाचनात सुमारे दोन महिने मागे पडण्याइतकी ठरली. आमच्या शाळेत विमान डोक्यावर आले की बाई वाक्य अर्ध्यावर सोडतात. मुले पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून थांबतात. विमान गेले की बोट पुढे सरकते. पाहुण्याला हे पाहून नवल वाटते. तेथील मुलांना वर्ग असाच असतो असे वाटते, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते.

हवेची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या यंत्रांनाही पुरती दिसत नाही. जेट इंजिनातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण 0.1 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. त्यांचे वजन नगण्य असल्याने वजनावर आधारलेल्या पीएम 2.5 च्या, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, मोजणीत ते जवळपास हरवून जातात. त्यांची संख्या मोजावी लागते. लॉस एंजेलिसच्या विमानतळाबाबत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वाऱ्याच्या दिशेने 16 किलोमीटरपर्यंत या कणांची संख्या आसपासच्या हवेपेक्षा किमान दुप्पट आढळली. सिॲटलजवळच्या विमानतळाभोवती वॉशिंग्टन विद्यापीठाने केलेल्या आणि 2019 मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासात विमानांचे कण रस्त्यावरील वाहनांच्या कणांपासून वेगळे ओळखता आले आणि ते उतरण्याच्या मार्गाखालच्या वस्त्यांवर आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अशा कणांसाठी शिफारस केलेली मर्यादा ठरवली नाही, तरी 24 तासांच्या सरासरीत एका घनसेंटिमीटरला 10,000 पेक्षा जास्त कण म्हणजे जास्त पातळी, असे मार्गदर्शन दिले आहे. आपल्या परिसरात या कणांची संख्या मोजणारे एकही कायमचे केंद्र नाही, आणि ते बसवावे अशी विनंती वस्तीतून झाली तेव्हा हा विषय निधीच्या कक्षेत बसत नाही असे उत्तर मिळाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. झाडे लावून विमानाचा आवाज थांबत नाही. आवाज वरून येतो, आणि झाडांची विरळ रांग जमिनीवरचा आवाजही फारसा अडवत नाही. म्हणून वृक्षारोपणासाठी दिलेला निधी हा ध्वनिरोधक खिडक्यांना किंवा रात्रीच्या उड्डाणांवरील निर्बंधांना पर्याय आहे, असे कोणी म्हणत असेल तर आम्हाला ते मान्य नाही. सावलीने उन्हाळा सुसह्य होतो, पानांवर काही धूळ बसते, पावसाचे पाणी डांबरावरून तेल धुऊन ओढ्यात नेण्याऐवजी जमिनीत मुरते, आणि ज्या लोकांना आपल्या वस्तीबद्दल कोणी काही विचारलेले नाही त्यांना एखादी जागा स्वतःच्या हाताने सुधारता येते. या निधीकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. पण ही मर्यादित अपेक्षाही पूर्ण होऊ नये अशा अटी आपण घातल्या आहेत, आणि त्या अटींबद्दल माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली तक्रार पात्रतेबद्दल. नोंदणी प्रमाणपत्र आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. एका गल्लीतल्या रहिवाशांच्या गटाकडे, पालकांच्या मंडळाकडे किंवा प्रार्थनास्थळात भरणाऱ्या महिलांच्या बचत गटाकडे हे कागद कोठून येणार? पैशाचा हिशेब नीट राहावा हा आपला आग्रह योग्यच आहे आणि त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु त्यासाठी एखादी नोंदणीकृत संस्था पालक संस्था म्हणून हिशेब सांभाळेल आणि काम वस्तीतला गट करील, ही व्यवस्था अनेक ठिकाणी रूढ आहे. ती मान्य करण्यासाठी नियमात दोन ओळींची दुरुस्ती पुरेशी होती.

दुसरी तक्रार पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गट याच ठिकाणी गळाले. आधी स्वतःच्या पैशाने काम करा, पावत्या सादर करा, मग प्रतिपूर्ती मिळेल, असा आपला नियम आहे. ज्यांच्या बँक खात्यात शिल्लक असते अशा संस्थांना हा नियम जाणवतही नाही. आमच्या गटात माती, रोपे, कुंपणाची जाळी आणि पाण्याची टाकी यांचा खर्च आधी करू शकेल असे एकही घर नाही. त्यात भर म्हणून लोकवाटा, म्हणजे खर्चातला अर्जदारांचा स्वतःचा हिस्सा, रोखीनेच भरला पाहिजे ही अट. श्रमदान लोकवाट्यात धरले जात नाही. आमच्याकडे एक शेजारीण आहेत; त्या विमानतळावर रात्रपाळीत सफाईचे काम करतात. पहाटे घरी आल्यावर झोपण्याआधी त्या दोन बादल्या घेऊन शाळेच्या कुंपणाशी जातात, प्रत्येक आळ्यात हाताने पाणी सोडतात, काठी सुटली असेल तर चिंधीने पुन्हा बांधतात, आणि मग झोपायला जातात. आपल्या तक्त्यात या कामाची किंमत शून्य आहे. त्यांनी आणखी काय द्यायला हवे होते, हे समितीने एकदा लिहून कळवावे.

तिसरी तक्रार भाषेची. अर्ज, माहितीपत्रक, मार्गदर्शन सभा आणि शंकासमाधान हे सारे एकाच भाषेत, आणि तेही कायद्याच्या शब्दांत. सभा कामाच्या दिवशी दुपारी, विमानतळाच्या प्रशासकीय इमारतीत, ओळखपत्र दाखवून प्रवेश. पाळीत काम करणारा माणूस तेथे येऊ शकत नाही, आणि ज्याला भाषा येत नाही तो आला तरी गप्प बसून परत जातो.

चौथी जागेच्या परवानगीची. घरमालकाचे ना हरकत पत्र नसेल तर भाडेकरूंचा प्रस्ताव विचारात घेतला जात नाही. मालक दुसऱ्या शहरात राहतो, पत्राला उत्तर देत नाही, आणि परवानगी मागितली म्हणून भाडे वाढेल की काय या भीतीने कित्येक जण मागतच नाहीत. सार्वजनिक जागांची यादी समितीने स्वतः संबंधित कार्यालयांकडून मंजूर करून घेतली असती, तर हा प्रश्नच उरला नसता.

पाचव्या तक्रारीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण ती आमच्यासारख्या गटांपुरती मर्यादित नाही. ज्यांना निधी मिळाला त्यांचीही कामे तिच्यामुळे वाया गेली आहेत. आपला निधी रोप लावण्यासाठी पैसे देतो, ते जगवण्यासाठी देत नाही. प्रकल्पाची मुदत एक वर्षाची, आणि देखभाल हा अपात्र खर्च. नवे झाड मुळे धरेपर्यंत पहिली दोन-तीन वर्षे त्याला नियमित पाणी, आधाराची काठी आणि तणापासून मोकळीक लागते, हे कोणताही माळी सांगेल. मुदत संपते, छायाचित्रे जोडून अहवाल जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपे वाळलेली दिसतात. मग तीच जागा नव्या वृक्षारोपणासाठी पुन्हा उपलब्ध होते. लावलेल्या रोपांच्या संख्येऐवजी तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांची संख्या अहवालात मागितली, तर निधीचा सगळा हिशेब बदलेल.

याच संदर्भात विमानतळाची खास अडचण आम्हीही समजून घेतो. धावपट्टीजवळ पक्षी जमतील असे काही करणे धोक्याचे असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन असे आहे की जेट विमाने वापरणाऱ्या धावपट्टीपासून 10,000 फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, आणि पावसाचे पाणी साठवणारी तळी वादळानंतर 48 तासांत रिकामी व्हावीत. फळांनी लगडणारी झाडे, उघडे पाणी, उघडा ओला कचरा, हे सगळे त्यामुळे अडचणीचे ठरते. झाडांच्या उंचीवरही उड्डाणमार्गाखाली मर्यादा असते. हे नियम आम्हाला मोडायचे नाहीत. पण आमच्या अर्जातील रोपांची यादी अयोग्य आहे असा शेरा मारून अर्ज परत आला, तेव्हा योग्य यादी कोणती, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. विमानतळाकडे वन्यजीव-धोका पाहणारे तज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडून कोणती झाडे, कोणती झुडपे, किती अंतरावर, किती उंचीची चालतील याचा एक तक्ता तयार करून घेणे हे आठवड्याभराचे काम आहे, आणि तो मिळाला असता तर कितीतरी गटांचे श्रम वाचले असते.

वस्तीतल्या लोकांना या विषयातले काय कळते, असा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारल्याचे कानावर आले. त्याला एक उदाहरण देतो. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाची नवी धावपट्टी 2003 मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान उडताना जमिनीलगत पसरणाऱ्या खोल, घुमणाऱ्या आवाजाने आसपासचे लोक त्रासले. सपाट प्रदेशात तो आवाज अडवायला काहीच नव्हते. शरद ऋतूत शेते नांगरली की आवाज कमी होतो, हे तेथे ध्यानात आले. त्या निरीक्षणावरून जमिनीत लांबच लांब, समांतर वरंबे घालून एक उद्यान रचले गेले आणि 2013 मध्ये ते खुले झाले; त्या वरंब्यांनी जमिनीवरून येणारा आवाज विखुरला जातो, आणि लोक तेथे फिरायलाही येतात. आमच्या वस्तीतही पाणी कोठे तुंबते, कोणत्या भिंतीपाशी दुपारी उभे राहवत नाही, कोणत्या वाऱ्याला इंधनाचा वास येतो, हे जाणणारी माणसे आहेत. समितीवर त्यांच्यापैकी एकही नाही, ही माझी सहावी तक्रार.

निधी वेगळ्या प्रकारे चालवता येतो, याची उदाहरणे आहेत. सिॲटलच्या बंदर प्राधिकरणाने, ज्याच्याकडे तेथील विमानतळही आहे, 2019 पासून पाच वर्षांसाठी विमानतळाजवळच्या शहरांकरिता 1 कोटी डॉलरचा निधी ठेवला. अमेरिकेच्या संघीय कायद्यामुळे विमानतळाचा महसूल विमानतळाबाहेरच्या अशा कामांवर खर्च करता येत नाही. म्हणून त्या प्राधिकरणाने आपल्याला मिळणाऱ्या मालमत्ता कराच्या वाट्यातून ही तरतूद केली. पर्यावरणाच्या छोट्या अनुदानांमध्ये त्यांनी स्वयंसेवकांचे श्रम अर्जदारांच्या वाट्यात धरले. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या विमान कंपन्यांकडून वसूल केलेला दंड स्थानिक कामांसाठी दिला जातो. या व्यवस्था निर्दोष आहेत असा माझा दावा नाही. पण ज्यांच्यामुळे त्रास होतो त्यांच्याकडून पैसा घ्यावा आणि ज्यांना त्रास होतो त्यांच्याकडे तो पोहोचावा, हे तत्त्व त्यांत दिसते. टर्मिनलच्या रस्त्यावर फुलझाडे लावल्याने ते तत्त्व पाळले जात नाही. त्या रस्त्यावरून जाणारा प्रवासी चार मिनिटांत पुढे जातो, आणि त्या कामासाठी विमानतळाकडे देखभालीचा स्वतंत्र निधी आहेच.

म्हणून समितीकडे आमच्या स्पष्ट मागण्या आहेत.

शिल्लक निधी वळवण्याचा ठराव स्थगित करावा आणि ती पूर्ण रक्कम पुढील फेरीत त्याच वस्त्यांसाठी जोडावी. यापुढे निधी उरल्यास तो वस्त्यांच्या खात्यातच पुढे जाईल, असा नियम लिखित स्वरूपात करावा.

नोंदणी नसलेल्या गटांना पालक संस्थेमार्फत अर्ज करण्याची मुभा द्यावी. मंजूर रकमेचा पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी आगाऊ द्यावा आणि उरलेली रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी. श्रमदानाचे तास ठरलेल्या दराने लोकवाट्यात धरावेत. छोट्या कामांसाठी दोन पानांचा साधा अर्ज असावा.

प्रत्येक प्रकल्पात किमान तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च पात्र धरावा आणि त्यात पाणी घालणाऱ्या, निगा राखणाऱ्या स्थानिक व्यक्तीला मानधन देण्याची तरतूद असावी. आमच्या वस्त्यांमध्ये वेळ ही फुकट मिळणारी गोष्ट नाही.

अर्ज आणि माहिती वस्तीत बोलल्या जाणाऱ्या प्रमुख भाषांमध्ये द्यावी, तोंडी अर्ज स्वीकारण्याची सोय ठेवावी, आणि मार्गदर्शन सभा वस्तीतच, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, दुभाष्यांसह घ्याव्यात. काम करण्यास मंजुरी असलेल्या सार्वजनिक जागांची यादी आणि चालणाऱ्या झाडा-झुडपांचा तक्ता अर्ज मागवण्यापूर्वी प्रसिद्ध करावा.

अतिसूक्ष्म कणांची संख्या मोजणारी यंत्रे उतरण्याच्या मार्गाखालच्या किमान एका शाळेत आणि एका निवासी भागात बसवावीत आणि त्यांचे आकडे रोज जाहीर करावेत. मोजणी हे पर्यावरणाचे कामच आहे. तिला निधीच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण आम्हाला पटलेले नाही.

समितीत उड्डाणमार्गाखाली राहणाऱ्या रहिवाशांना निम्म्या जागा द्याव्यात, त्यांत भाडेकरू असावेत, आणि बैठकीसाठी बुडणाऱ्या पाळीचा मोबदला त्यांना मिळावा. बाद झालेल्या प्रत्येक अर्जाचे कारण अर्जदाराला लेखी कळवावे.

यांपैकी ज्या मागण्या मान्य करता येणार नाहीत त्यांची कारणे आपण जाहीरपणे सांगावीत, आम्ही ती ऐकून घेऊ आणि गरज पडल्यास पर्यायही सुचवू. ठरावाची अंमलबजावणी होण्यापूर्वी समितीने आमच्या शाळेच्या पटांगणात एक खुली बैठक घ्यावी, अशी माझी विनंती आहे. गेल्या फेरीत बाद झालेल्या गटांना त्या बैठकीचे निमंत्रण पाठवावे. त्यांचे पत्ते आपल्याच दप्तरात आहेत.

आपला नम्र,
उड्डाणमार्गाखालच्या वस्तीतील एक रहिवासी